तळवलीकरांनी क्रूझ कशी काढावी: नवशिक्यांसाठी

सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर टॉवर झाला, दारात मोठी गाडी आली, हळदीला डीजे वाजला. आता राहिली क्रूझ. कृती सोपी आहे.

साहित्य: जहाज १, वकील १, पांढऱ्या रंगाचा डबा १.

पायरी १: पाटी रंगवा. जहाजाच्या मागच्या अंगाला, नावाखाली नोंदणीच्या बंदराचं नाव असतं. तिथे ‘तळवली’ नको, ‘मुंबई’ तर नकोच. बहामासमधलं ‘नासाऊ’ लिहा. जहाजाने बहामास पाहिलेलं असण्याची गरज नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ‘एनएल’ नंबरच्या स्लीपर बसने तरी नागालँड कुठे पाहिलंय?

पायरी २: नोंदणीचा देश निवडा. झेंडा त्याचाच लागेल.
पनामा: जुनं दुकान. १९२२मध्ये ‘रिलायन्स’ आणि ‘रेझोल्यूट’ ही अमेरिकी प्रवासी जहाजं या झेंड्याखाली गेली. अमेरिकेत दारूबंदी होती आणि प्रवाशांना पेग हवा होता.
लायबेरिया: नोंदणीचा कारभार अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालतो. आफ्रिकेचं तिकीट वाचतं.
बर्म्युडा: लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर. २०११मध्ये क्युनार्ड कंपनीने ब्रिटिश झेंडा उतरवून हा चढवला आणि कप्तान भर समुद्रात लग्नं लावायला मोकळे झाले.
मंगोलिया: समुद्र नाही, जहाज-नोंदणी आहे.

पायरी ३: कुणी कारण विचारलं तर ‘पर्यटनाला चालना’ म्हणा. खरा हिशेब मनात ठेवा: नफ्यावरच्या कराऐवजी टनावारी फी, कामगार कुठल्याही देशाचे आणि भर समुद्रात कायदा झेंड्याच्या देशाचा. जहाज आणि त्या देशात ‘खरा संबंध’ हवा, असं १९८२चा सागरी कायद्याचा करार म्हणतो. किती खरा, ते सांगत नाही. वकील त्यासाठीच घेतलाय.

पायरी ४: पोरं भरा. २००६च्या सागरी कामगार कराराप्रमाणे त्यांना २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते. ती दोन तुकड्यांत चालते, एक तुकडा सलग ६ तासांचा हवा. म्हणजे केबिन झाडणारं पोर सहा तास झोपलं, मधे चार तास टेकलं आणि बाकी चौदा तास राबलं, तरी त्या दिवसाचा कागद स्वच्छ. तक्रार आलीच, तर पाटीकडे बोट दाखवा.

टीप: घरचंच पोर क्रूझवर नोकरीला निघालं असेल, तर ही कृती खालून वर वाचा. आधी कामाचे तास, मग कायदा, मग देश. पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी.