कच्चा माल

आमच्या गल्लीत संत्रं चोरून सोलावं लागतं. सालीचा वास सुटला की पाचव्या मिनिटाला काका पिशवी घेऊन दारात. "साल टाकलीस का रे? कच्चा माल आहे तो!"

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून काका रिटायर झाले, शिकवणं मात्र झालं नाही. त्यांचं म्हणणं असं, की आपली बरीचशी रसायनं खनिज तेलातून येतात आणि ते एक दिवस संपणार. झाडं दर पावसाळ्यात नवा माल देतात. गवती चहात सिट्राल, सिट्रालपासून आयोनोन, आयोनोनपासून थेट 'अ' जीवनसत्त्व. कापूरही आता कारखान्यात टर्पेंटाइनपासून होतो, हे ते ऐन आरतीत सांगतात. संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन दोन-तीन पायऱ्या चढलं की कार्व्होन होतं, त्याला पुदिन्यासारखा वास. "अन् त्याच रेणूचं आरशातलं रूप शेपूत!" शेपू म्हणताच पोरं पांगतात.

'जगात जर्मनी, देशात परभणी' असं आपण हसत म्हणतो. काका गंभीरपणे म्हणतात. बॉनच्या प्रयोगशाळेत एका कपाटात सुगंधी तेलांच्या बाटल्या वर्षानुवर्षं पडून होत्या. ऑटो वॉलाखनं त्या उघडल्या, त्या तेलांतल्या टर्पिनांचं कोडं सोडवत बसला आणि १९१० चं नोबेल घेऊन गेला. तेव्हापासून (म्हणजे काकांनी हे वाचलं तेव्हापासून) त्यांच्या घरातल्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही. "जर्मनीत वॉलाख, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुख देव, अन् परभणीत..." इथं ते नम्रपणे थांबतात.

"परभणीत माझी तूरडाळ ठेवायला जागा नाही," काकू वाक्य पुरं करतात.

उत्पादनाचं म्हणाल तर परसात गवती चहाची ठोंबं लावली आहेत. कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी बसवून तेल काढतात. क्विंटलभर गवताला जेमतेम अर्धा किलो तेल उतरतं. काकांकडे दोन भारे. त्यात एक सिलिंडर संपला आणि चमचाभर तेल आलं. ते त्यांनी मला हुंगायला दिलं, पण बाटली हातात दिली नाही. घराला गिलावा नाही, फाटकाला कडी नाही. सगळं सुरुवातीच्या पायरीवर आहे, आणि काकांना सुरुवातच आवडते.

एकदाच त्यांचा प्रयोग शेवटपर्यंत गेला. थर्माकोलवर अजून बंदी यायची होती. गल्लीच्या गणपतीला पोरांनी आठ दिवस जागून थर्माकोलचा महाल कोरला होता. काका म्हणाले, सालीच्या तेलाची ताकद दाखवतो. नको नको म्हणेस्तोवर त्यांनी कळसावर बाटली उपडी केली. लिमोनिनमध्ये थर्माकोल विरघळतो, हे शास्त्र शंभर टक्के खरं निघालं. कळस वाकला, मग कमान बसली, मग खांब. मूर्ती तेवढी वाचली. मंडळाचा अध्यक्ष, वय वर्षं तेरा, तोंडात बोट घालून बघतच राहिला.

काका मान खाली घालून घरी गेले. आम्हाला वाटलं, खजील झाले. तेवढ्यात पिशवी घेऊन परत आले आणि तो चिकट लगदा उलथन्यानं खरवडू लागले.

"फेकू नका रे कुणी," ते म्हणाले.