ओरिजिनल कपाटात आहे

प्रत्येक सोसायटीत एक तरी गृहस्थ असा असतो, की त्याच्याकडे चित्रपट पाहायला गेलं तर श्रेयनामावलीच्याही आधी एक निवेदन ऐकावं लागतं. "ही डीव्हीडी ओरिजिनल नाही बरं का. ओरिजिनल कपाटात आहे. ही तिची कॉपी." हे सांगताना चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नसतो. गाभाऱ्यातली मूर्ती जागची न हलवता उत्सवमूर्ती पालखीत बसवणाऱ्या पुजाऱ्याची तृप्ती असते.

यांना आपण बॅकअपकाका म्हणू. बहुधा बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. घरात प्रत्येक पावतीची झेरॉक्स, आणि झेरॉक्स फिकट होते म्हणून तिचीही झेरॉक्स. मोझर बेअरने 2007 साली 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा काकांनी पिशव्या भरून चित्रपट आणले. कोरी चकती, रायटर, रात्रभराची वीज आणि काकूंची बोलणी असा सगळा हिशेब धरला, तर 34 रुपयांच्या ओरिजिनलपेक्षा तिची कॉपीच महाग पडायची. पण हे बोलून दाखवलंत तर उत्तर तयार असे : "प्रश्न पैशाचा नाही हो, प्रश्न ओरखड्याचा आहे."

अडचणी पहिल्या पायरीपासून. मोठ्या चित्रपटाची डीव्हीडी दोन थरांची, 8.5 जीबीची. बाजारात तेव्हा सर्रास मिळणारी कोरी चकती 4.7ची, आणि कॉम्प्युटरमध्ये घातली की ती दिसते 4.38. डब्यावरचा जीबी हजाराच्या पटीत मोजलेला, कॉम्प्युटरचा 1024च्या. हे कळण्याआधी काका पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात मापात पाप केल्याबद्दल भांडून आले होते. कळल्यावरही माफी मागायला गेले नाहीत. तत्त्वतः आपलंच बरोबर होतं, असं त्यांचं अजून म्हणणं आहे. मग साडेआठाचे साडेचार करायला कात्री चाले. दिग्दर्शकाची मुलाखत, गाळलेले प्रसंग, परक्या भाषांतले आवाज, सगळं उडे. एकदा उडवायचा तो आवाज राहिला, राहायचा तो उडाला, आणि अख्ख्या घराने एक अमेरिकन चित्रपट पोलिश भाषेत पाहिला. आजींना तो नेहमीइतकाच आवडला.

मग कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप. नॉर्वेच्या योन लेक योहानसेनचं नाव काका आदराने घेतात. 1999 साली डीव्हीडीचं कुलूप उघडणारा प्रोग्रॅम बाहेर आला, त्यात या पोरसवदा मुलाचा हात होता. खटला झाला, आणि स्वतः विकत घेतलेल्या डीव्हीडीचं कुलूप काढणं गुन्हा नाही, असं म्हणून 2003 मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला सोडलं. आपल्याकडे 2012च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अशी कुलपं तोडण्याबद्दलचं 65अ कलम आलं, तेव्हा काकांनी ते छापून वाचलं आणि 'हेतू' या शब्दाखाली लाल रेघ मारली. आपला हेतू शुद्ध आहे, हे ते दूधवाल्यालाही सांगत.

पण या शुद्ध हेतूच्या माणसाचं एक रूप मला फार आवडतं. जुने प्लेअर डीव्हीडी प्लस-आर जातीची चकती पाहिली की तोंड फिरवतात. त्यावर उपाय असा, की राइट करतानाच चकतीवर नोंद टाकायची : मी कोरी विकत आणलेली नाही, मी कारखान्यातूनच छापून आले आहे. प्लेअर बिचारा विश्वास ठेवतो. आयुष्यात रेल्वेने विनातिकीट न गेलेले काका मध्यरात्री बसून चकतीला खोटं बोलायला शिकवतात.

एवढं करूनही कॉपी अडकतेच. चित्र चौकोन चौकोन होतं, ओठ मागे आणि आवाज पुढे धावतो. काकांची चौकशी सुरू होते. आधी मिक्सर कोणी लावला? मग लेन्स. मग चकतीवर बोट कोणी ठेवलं? फडकं आतून बाहेर सरळ फिरवायचं, गोल नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाढ्यांसारखं पाठ. सोळाच्या वेगाने कोणी राइट केलं? (त्यांनीच.) वर कागदी लेबल कोणी चिकटवलं? (त्यांनीच, अक्षर मात्र सुरेख.)

आणि डीव्हीडी वाचली जाते आतून बाहेर. स्वस्त चकतीचा दोष आणि बोटांचे ठसे, दोन्ही कडेला. त्यामुळे भरगच्च कॉपी अडकते ती नेमकी शेवटाकडे. त्यांच्या घरात नायक-नायिका भेटतात, गाणी होतात, गैरसमज होतात. ते दूर मात्र होत नाहीत. त्यांच्या मुलीने कितीतरी खलनायक जिवंतच सोडून सासर गाठलं. ती आता न्यू जर्सीला असते. तिथून तिने आणलेली डीव्हीडी रिजन एकची, आपला ड्राइव्ह रिजन पाचचा. ड्राइव्हचा रिजन पाचदाच बदलता येतो, हे कळल्यापासून काका त्यातला शेवटचा बदल कुठल्या चित्रपटावर खर्चावा याच विवंचनेत आहेत.

परवा त्यांच्याकडे एक खुनाचा चित्रपट लावला होता. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं, बोट उगारलं, आणि बोट तिथेच राहिलं. कोणीतरी भीत भीत म्हणालं, "काका, मग ओरिजिनलच लावा की."

"ओरिजिनल?" काका किंचाळायचेच बाकी होते. "आणि ती खराब झाली म्हणजे?"

ते कमी वेगाने नवी कॉपी काढायला आत गेले. काकूंनी भज्यांची ताटली ठेवत, मोबाइलवर आपण हा चित्रपट गेल्या महिन्यातच पूर्ण पाहिल्याचं सांगितलं. "अहो, तो डॉक्टर–"

"थांब!" आतून आवाज आला. "सांगू नकोस. मला अजून कॉपी तपासायची आहे."