कमोड विकत घेताना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सुरुवात शब्दापासून करा, नाहीतर घरात गैरसमज होतात. फ्रान्समध्ये खणांच्या बसक्या कपाटाला ‘कमोड’ म्हणतात. ल्योंहून मी आईला फोनवर सांगितलं, की रविवारी जुना कमोड बघायला जातोय, अडीचशे वर्षांचा आहे म्हणे. पलीकडे जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, “नवीन मिळत नाहीत का रे तिकडे?”

मूळ शब्दाचा अर्थ ‘सोयीचं’, एवढाच. सतराशेच्या सुमाराला हे कपाट आलं, त्याआधी कपडे पेटाऱ्यात असत आणि तळातला सदरा हवा असला की वरचं सगळं उपसावं लागे. पुढे इंग्रजांनी अशाच सभ्य फर्निचरमध्ये रात्रीचं भांडं लपवलं, आणि आपल्याकडे हा शब्द आला तो थेट भांड्यासकट.

आता कपाट कोणी केलं ते ठरवू. नवशिक्याने नाव आधी पक्कं करावं. पुरावा मागाहून गोळा करता येतो. कपाट पॅरिसचं असेल तर मात्र कल्पनाशक्तीला वाव कमी. १७४३ च्या नियमांनी तिथल्या कारागिरांच्या संघाने प्रत्येक उस्तादाला आपल्या नावाचा ठसा लाकडात मारायला लावलं. वरची संगमरवरी फळी उचलली की खांबाच्या डोक्यावर तो बहुधा सापडतो, शेजारी संघाच्या तपासनिसांचा ‘जेएमई’ हा ठसाही. १७९१ मध्ये संघच बरखास्त झाले. पण प्रांतांना ही सक्ती कधी नव्हतीच. म्हणून प्रांतातलं कपाट बहुतेकदा बिननावी असतं, आणि बिननावी कपाट हवं त्याचं असू शकतं. विकणाऱ्याच्या लेखी हीच त्याची थोरवी.

ल्यों-ग्रेनोब्लच्या बाजूला असाल तर एकच नाव घ्यायचं: आश. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कुऱ्हाड. लाकूडकाम करणाऱ्या घराण्याचं आडनाव ‘कुऱ्हाड’ आहे असं कुणा कादंबरीकाराने लिहिलं असतं तर संपादकाने ते कापलं असतं. पण हे घराणं खरं आहे. थोमा आश १६६४ मध्ये तुलूझला जन्मला, ग्रेनोब्लला आला, तिथल्या शव्हालिए नावाच्या कारागिराची मुलगी केली आणि सासऱ्याचा कारखाना पुढे चालवला. १७२१ मध्ये ओर्लेआंच्या ड्यूकने त्याला आपला कारागीर म्हणून नेमलं. मग मुलगा पिएर, मग नातू जाँ-फ्रांस्वा. तो १७९६ मध्ये वारला. तीन पिढ्या, एक गाव, एक धंदा.

त्यांची करामत गाठींची होती. अक्रोड, अ‍ॅश अशा झाडांच्या खोडावर गाठी येतात. फळ्या काढणाऱ्या सुताराला त्या नकोशा. आश मंडळींनी त्या गाठींचे पातळ काप काढले, पुस्तक उघडावं तसे शेजारीशेजारी चिकटवले आणि खणांच्या दर्शनी बाजूवर ढग, डोळे, भोवरे उमटवले. तेव्हा नवशिक्याने गाठीचं लाकूड दिसलं, की मान तिरकी करून हलकेच “आश” म्हणावं. गाठी इतर सुतारांच्या झाडांनाही येत असत, ही गोष्ट त्या क्षणी मनात आणू नये.

नातू जाँ-फ्रांस्वा व्यवहारी होता. तो खणात आपल्या नावाची छापील चिठ्ठी चिकटवायचा. त्या काळाचं व्हिजिटिंग कार्डच. चिठ्ठी दिसली की बहुतेकांची शुद्ध हरपते. तुमची शाबूत राहिली तर चिठ्ठीची कड बोटाने चाचपा. अडीचशे वर्षं कागदाखाली झाकलेलं लाकूड भोवतालच्या लाकडापेक्षा उजळ राहतं. चिठ्ठीचा कोपरा सुटलाय आणि खालचं लाकूड भोवतालच्याइतकंच काळपट आहे, तर ती कुठून तरी स्थलांतर करून आलेली आहे.

यापुढचा भाग गुडघे टेकून करायचा आहे. दर्शनी बाजू विसरा, ती पॉलिशवाल्याची असते. खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. पहिल्यांदा काढताना तो अर्ध्यावर अडकतो. ओढाताण करू नका, डावी-उजवी बाजू आळीपाळीने हलवा. आता कोपरे बघा. कबुतराच्या शेपटीसारखे दाते एकमेकांत बसवलेले दिसतील. हाताने कापलेले दाते एकसारखे नसतात. एक जाड, एक बारीक, आणि शेजारी कारागिराने आखलेली रेघ तशीच राहून गेलेली. सगळे दाते जुळे भाऊ दिसले तर यंत्राला नमस्कार करा आणि खण आत ढकला. तळाच्या फळीवरून तळवा फिरवा. हाताच्या रंध्याने तिथे उथळ लाटा सोडलेल्या असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या, हाताला लगेच कळणाऱ्या. करवतीच्या खुणा सरळ हव्यात. त्या कमानीसारख्या वळल्या असतील तर गोल पात्याची करवत लागली, म्हणजे बहुधा एकोणिसावं शतक. स्क्रू टोकदार असेल तरी तेच. निदान तो स्क्रू तरी नंतरचा.

किडीची भोकं बघून हरखू नका. कीड बाहेर पडते ती गोल, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या भोकातून. फळीवर किडीचे बोगदे आडवे उघडे पडलेले दिसले, तर जुनं किडकं लाकूड नंतर चिरून वापरलंय. कीड अस्सल, कपाट नवं.

पितळी मुठींवर मुकुट घातलेला ‘सी’ सापडला तर आणखी मजा. मार्च १७४५ ते फेब्रुवारी १७४९ एवढ्याच काळात फ्रान्समध्ये तांबंमिश्रित धातूंवर कर होता, आणि तो भरल्याची ही खूण. इतकी नेमकी तारीख फर्निचरमध्ये क्वचितच मिळते. फक्त ती तारीख मुठीची असते. मुठी काढता येतात, दुसरीकडे लावता येतात. खणाच्या आतून बघा: एका मुठीसाठी चार भोकं आणि त्यातली दोन बुजवलेली असतील, तर ती मूठ या घरची नाही.

एवढं करूनही तुम्हाला नाव हवंच असेल, तर फ्रेंच कायदा वाचा. हे मी थट्टेने सांगत नाही. ३ मार्च १९८१ च्या हुकुमाने लिलावाच्या यादीतल्या शब्दांचं वजन ठरवून दिलं आहे. ‘ठसा आहे’ असं बिनशर्त लिहिलं तर ते काम त्याच कारागिराचं असल्याची हमी. ‘अमक्याचं मानलं जातं’ म्हणजे वस्तू त्याच्या काळातली आणि ती त्याने केली असावी असं मानायला भक्कम कारणं आहेत. आणि ‘अमक्याच्या धाटणीचं’ म्हणजे काहीच नाही; ना कर्त्याची हमी, ना काळाची. तोंडी “आश” म्हणणाऱ्याला पावतीवर यातलं नेमकं काय लिहिणार, असं नम्रपणे विचारावं. त्या रविवारी मी विचारलं. विक्रेत्याने पेन शोधायला खिसे चाचपले, मग दुसरा खिसा, मग शेजारच्या दुकानातून पेन आणून लिहिलं: ‘आशच्या धाटणीचं, अक्रोड’. किंमतही त्याच हाताने खाली आली.

माझी बायको एवढा वेळ गप्प होती. तिने वरचा खण ओढून कोपरापर्यंत हात आत घातला आणि विचारलं, “अहो, यात साड्या मावतील का?”

कपाट घेतलं. साड्या वरच्या दोन खणांत मावल्या. तिसरा अजून अर्ध्यावर अडकतो.