गोमंतकदर्शनाची मुदत

ज्या वऱ्हाडात समुद्र म्हणजे नकाशावरील निळा रंग, त्यातल्या अकोल्याहून निघून, अमरावतीकर व्याह्यांना सोबत घेऊन, आम्ही मुंबईहून क्रूझवर जलविहारार्थ निघालो. मुरगाव बंदरी उतरताच सहा तासांच्या गोमंतकदर्शनाचा हुकूम सुटला. पैकी निम्मी मुदत बसमध्येच खर्ची पडली. १६०५ सालच्या बॉम जेझू बासिलिकेसाठी मार्गदर्शकाने पंधरा मिनिटे मंजूर केली, त्यांतील बारा स्वच्छतागृहाच्या रांगेत जमा झाली. काजूच्या दुकानात मात्र (काजू अकोल्यासही मिळतात) कोणाचीही मागणी नसता तासभराची सवलत मिळाली. बसमध्ये परतताना मांडीवर काजूचा पुडा सांभाळीत व्याही म्हणाले, “इवाईबुवा, यापरीस आपला नरनाळा किल्ला बरा, तेथी दुकान तं नाही!”