साठ लिटरचे सावकार

दुधनीत सावकार म्हटलं की आडत दुकान, तुरीची पोती आणि गादीवर लोडाला टेकलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. अशाच एखाद्या घराण्यात एक वेगळा सावकार निपजू शकतो. त्याची मालमत्ता साठ लिटरची, काचेची. आत लाकूड, झाडं आणि दक्षिण अमेरिकेतल्या बटू सिक्लिडची एकच जोडी, तीही बहुधा लाकडामागे. पाहुणा विचारतो, ‘मासे कुठायत?’ त्याआधी महिनाभर टाकी बिनमाशांचीच होती; तेव्हा उत्तर असायचं, ‘थांबा, बॅक्टेरिया बसतायत.’ हा गृहस्थ स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतो. पुरावा तपासला तर तो हाडाचा कारकून ठरतो, पाण्याचा कारकून. आणि अशा कारकुनाची कोरडवाहू गावाला गरज आहे, असं माझं मत आहे.

‘नैसर्गिक’ टाकीचं वेड जपानच्या ताकाशी अमानोंनी जगाला लावलं. तिच्यात सूर्य टायमरवर उगवतो, झाडांना वायू नळीतून मिळतो आणि पानगळ कात्रीने होते. खरा निसर्ग बोअरच्या पाण्यातून येतो आणि तिथेच भांडण लागतं. अ‍ॅपिस्टोग्रामा या बटू सिक्लिडांच्या बऱ्याच जातींना मऊ, किंचित आम्ल पाणी हवं. इथलं पाणी जड, बादलीवर पांढरा थर चढवणारं. मग सावकार देशी बदामाची वाळलेली पानं उकळून ओततात. पाणी चहासारखं होतं, पीएच जागचा हलत नाही, कारण पाण्यातली बायकार्बोनेटं आम्ल गिळून टाकतात. शेवटी आरओचा जार येतो. मे महिन्यात टाकीवर पंखा लावला की पाणी थंड होतं खरं, पण वाफ उडते आणि क्षार मागेच राहतात. म्हणून भर घालायची ती जारच्याच पाण्याने. हे सगळं वहीत उतरतं. गावात सगळे ‘पाणी आलं का?’ विचारतात, हा एकटा ‘कसलं आलं?’ विचारतो. टीडीएस मीटरचा आकडा क्षार किती ते सांगतो, कुठले ते सांगत नाही, हेही त्याला कळतं. पिण्याच्या पाण्याबद्दल इतकी चौकशी करणारा माणूस दाखवा.

घरातून पहिला आक्षेप येतो तो पाण्याच्या नासाडीचा. हिशेब केला तर आठवड्याला पाव टाकी, म्हणजे पंधरा लिटर बदलायचं, आणि काढलेलं नायट्रेटयुक्त पाणी तुळशीला चालतं. आरओ वाया घालवतो ते पाणी मात्र या हिशेबात धरलेलं नसतं. तिथे घरच्यांचं बरोबर आहे. दुसरा आक्षेप सोवळ्याचा. शाकाहारी घराच्या फ्रीजरमध्ये, आइस्क्रीमशेजारी, गोठवलेल्या लाल अळ्यांची पाकिटं! यावर ‘आपण खात नाही, ते खातात’ हा युक्तिवाद तर्काला टिकतो, सासूबाईंपुढे टिकत नाही. अंडी घातल्यावर मादी पिवळीजर्द होऊन नराला कोपऱ्यात हाकलते, हे मात्र त्याच सासूबाई खुर्ची ओढून पाहतात.

तिसरा आक्षेप सगळ्यात जबर: पाणी जड आहे तर जड पाण्यातला मासा पाळा. आफ्रिकेच्या टांगानिका सरोवरात रिकाम्या शंखांत संसार करणारे बोटाएवढे सिक्लिड आहेत, त्यांना जड, अल्कधर्मी पाणीच मानवतं. जार नको, पानं नकोत, थोडी वाळू आणि चार शंख पुरे. सल्ला शहाणपणाचा आहे आणि निसर्गप्रेमी असते तर सावकारांनी तो केव्हाच मानला असता. पण कारकुनाला टेबलावर काम लागतं. शंखवाले मासे आणून दिले, तर पंधरा दिवसांत ते मीटर बुडवून जाहीर करतील, की दुधनीचं पाणी टांगानिकाच्या पाण्याशी जुळत नाही, काहीतरी करावं लागेल.