चादर निघाली अलास्काला

सहल कंपनीनं व्हॉट्सॲपवर यादी धाडली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सामान हलकं ठेवा’. खाली थर्मलचे जोड, फ्लीस, जाकीट, रेनकोट, छत्री, हातमोजे, पायमोजे, कानटोपी, बूट, बूट भिजले तर दुसरे बूट, दुर्बीण, औषधं, खाऊ आणि एका रात्रीच्या ‘फॉर्मल’ जेवणासाठी ब्लेझर आणि भारी साडी. यादी संपेपर्यंत अंगठा दुखला. बारामतीतल्या भिगवण रस्त्यावरच्या बंगल्यातले आप्पा म्हणाले, “हे हलकं, तर मग जड कशाला म्हणतात? ट्रॅक्टरला?”

यादीत एकच वस्तू नव्हती: सोलापुरी चादर. ती न सांगता आली.

बारामती-इंदापूर पट्ट्यातून कुणीही कुठंही निघालं की चादर निघते. पंढरपूरला निघते, पोरीच्या बाळंतपणाला निघते, पुण्याच्या दवाखान्यात पेशंटजवळ झोपायला निघते. सोलापूर जिल्ह्याची हद्द इंदापूरला खेटून, त्यामुळे घरटी चादरींची चळत असतेच. जीआय मानांकन मिळालेली ही चादर. अंगावर घ्या, खाली अंथरा, पाहुण्याला द्या, आहेरात द्या. आता पोरगी-जावई सिएटलला, अलास्काचं जहाज तिथूनच सुटतं, सात रात्रींची सफर, मेअखेर निघायचं ठरलं. माणसं आठ. म्हणजे चादरी आठ, आणि वर एक ‘असू दे’ म्हणून.

कारणं ज्याची त्याची वेगळी. आत्या म्हणाल्या, जहाजात एसी फार असतो. दाजी म्हणाले, विमानतळावर पोरं पेंगुळली तर अंथरायला होईल. बारा वर्षांच्या नातवानं मोबाईलवर जहाजातली खोली दाखवली: पलंगावर पांढरीशुभ्र रजई, आणि खोली आवरायला माणूस रोज येतो. माईंनी फोटो नीट न्याहाळला आणि निकाल दिला, “रोज येतो म्हणजे रोज कुणीतरी शिवतंय.” यावर बोलायला कुणाकडं काही उरलं नाही.

घडीची चादर दीड-दोन किलो भरते. नऊ चादरी म्हणजे पंधरा-सोळा किलो नुसतं सूत. सूनबाईंनी हवा काढायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मागवल्या. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावली आणि चादर डोळ्यांदेखत पापडासारखी चपटी झाली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. बॅगेत एवढी जागा झाली की त्या जागेत शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, चिवडा, मेतकूट आणि दाजींचा दुसरा ब्लेझर बसला. मग बॅग लटकवायच्या काट्याला अडकवली. काटा म्हणाला, 27. विमानाची मर्यादा बॅगेमागं 23. गेली होती ती हवा, राहिलं होतं ते सूत. दाजींनी काट्यावरच संशय घेतला. म्हणाले, चिनी काटा आहे, वाढवून दाखवतो. बॅग मोटारसायकलवर आडवी घालून कोपऱ्यावरच्या भुसार दुकानात नेली. तिथं 27 किलो 300 ग्रॅम भरली. दुकानदारानं सवयीनं विचारलं, “पोतं वजा धरू का?” दाजी क्षणभर हो म्हणणार होते.

घरी परतल्यावर छाटणी सुरू झाली. पहिल्यांदा रेनकोट निघाले. मग फ्लीस. मग दुसरे बूट, मग पहिलेही. बॅग 23 वर आली तेव्हा आत उरलं होतं ते असं: चादरी, भारी साड्या, ब्लेझर आणि चटणी. अलास्काला ज्या वस्तू लागतात त्या सगळ्या बाहेर दिवाणावर पडलेल्या, आणि तिथं ज्यांचा शून्य उपयोग त्या आत कुलूपबंद. यावर मुलानं तोडगा काढला की जाकिटं आणि बूट अंगावर घालूनच निघायचं, अंगावरचं कोण मोजतंय! तोडगा चोख आहे आणि जगभरचे प्रवासी तो वापरतात. फरक इतकाच की ते मे महिन्यात, चाळीस अंशांत, बारामतीहून मुंबईला ट्रॅव्हलरनं जात नाहीत. उर्से टोलनाक्याच्या रांगेत गाडीचा एसी दमला तेव्हा आत आठ माणसं उत्तर ध्रुवाच्या पोशाखात बसलेली होती आणि बाहेर बाई कलिंगडाच्या फोडी विकत होती.

आता त्या थंडीचं पाहू. अलास्काच्या जहाजांचा मोसम साधारण मे ते सप्टेंबर, म्हणजे तिथला उन्हाळा. जुनो हे मधलं मोठं बंदर. तिथं जून-जुलैत दुपारी पारा सोळा-अठरावर असतो, पहाटे नऊ-अकरापर्यंत उतरतो. बारामती-इंदापुरात जानेवारीत पहाटे पारा आठ-दहावर येतो. आप्पांनी उभी हयात या थंडीत रात्री दारं धरलीत. लाईट रात्रीची, म्हणून मोटर रात्रीची, म्हणून दोन वाजता गव्हात. पायाखाली चिखल, डोक्याला मफलर आणि अंगावर हीच चादर. तेव्हा त्यांना कुणी थर्मलची यादी धाडली नाही. आज त्याच माणसाला चार पोरं मिळून समजावतायत की थंडी कशी असते. हिमनदीसमोर जहाज थांबतं आणि लोक डेकवर उभे राहतात तेव्हा वारा झोंबतो, हे खरं. त्याला वारा अडवणारं एक जाकीट पुरतं. तेच तर आधी दिवाणावर काढून ठेवलं होतं.

खरा घोर थंडीचा नाहीच, पावसाचा आहे. केचिकन नावाचं बंदर या सफरीत हमखास असतं. तिथं वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडं पाचशेच्या आसपास पडला तरी चारचौघांत वर्ष चांगलं म्हणतात. त्या हवेत सूत भिजलं की वाळत नाही; पाणी धरून ठेवतं, अंगाला चिकटतं आणि ऊब काढून घेतं. म्हणून तिथले लोक आत लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं पातळ थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर टोपीचं पाणीरोधक जाकीट असे तीन थर घालतात आणि गरमाट झालं की एकेक काढतात. दोन झटपट वाळणाऱ्या पँटी, तीन-चार टीशर्ट, पाणी न शिरणारे बूट, टोपी, हातमोजे. छत्री वाऱ्यात उलटी होते, ती नकोच. न्हाणीघरात बहुतेक जहाजांवर कपडे वाळत घालायला ताणता येणारी दोरी असते, पैसे दिले की जहाज कपडे धुऊनही देतं. माणशी सात-आठ किलोत भागतं. पण सात-आठ किलोत फोटो होत नाहीत. रोज नवा पेहराव हवा आणि तो गावच्या ग्रुपवर दिसायला हवा. गंमत म्हणजे बाहेर सातही दिवस प्रत्येक जण त्याच एका जाकिटात असतो. आतली पैठणी फक्त चेन थोडी खाली ओढली तर दिसते. माईंनी ती ओढली. सर्दी झाली.

खोली दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांची. आपल्याकडं एवढ्या जागेत देव्हारा, शिवणयंत्र आणि पाहुण्यांची गादी बसते, पण तिथं दोघांचा पलंग, न्हाणीघर आणि कपाट बसवलेलं असतं. रिकाम्या बॅगा पलंगाखाली ढकलायच्या. भरलेल्या बॅगा कुठं ढकलायच्या, हे जहाज बांधणाऱ्यानं ठरवलेलं नाही, कारण त्याला चादर माहीत नव्हती. आत्यांनी चहासाठी पाण्यात टाकायची कॉईल नेली होती आणि दाजींनी इस्त्री. दोन्ही जहाजावर चढतानाच काढून घेतल्या आणि चिठ्ठी दिली, उतरताना घ्या. जवळपास सगळ्या जहाजांवर आगीच्या भीतीनं या वस्तूंना बंदी असते आणि तिकिटासोबतच्या नियमांत ती लिहिलेली असते. नियम कुणी वाचले नव्हते. त्यांत पॅकिंगचा ‘प’ नव्हता.

हीच मंडळी सफरीत स्कॅगवेला उतरली, आणि तिथं मात्र त्यांच्या विचारांना इतिहासाचा आधार मिळाला. 1897-98 साली कॅनडातल्या क्लोंडाइकमध्ये सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि हजारो माणसं स्कॅगवे आणि शेजारच्या डायीला जहाजांतून उतरली. पुढं डोंगर आणि हद्द. कॅनडाच्या पोलिसांनी हद्दीवर नियम केला: वर्षभराचा शिधा सोबत असेल तरच आत या, उपाशी मरायला येऊ नका. शिधा, तंबू, अवजारं धरून माणशी जवळजवळ एक टन सामान. चिल्कूट खिंडीत ते पाठीवर वाहायचं, थोडं थोडं वर नेऊन ठेवायचं, परत खाली यायचं. एकेकाच्या कित्येक फेऱ्या झाल्या. शेजारच्या व्हाइट पासमध्ये सुमारे तीन हजार घोडी मेली. त्या डोंगरावर आज पर्यटकांची आगगाडी चढते आणि गाइड हे सगळं सांगतो. माई ऐकत होत्या. म्हणाल्या, “बघा. चटणी आणली ते बरं केलं की नाही?” एवढ्या मोठ्या गर्दीत त्या काळच्या हद्दीवरून बिनबोभाट आत सोडलं असतं असं एकच कुटुंब उभं होतं, आणि ते शंभर-सव्वाशे वर्षं उशिरा आलं होतं.

परतीच्या वाटेवर जहाज व्हिक्टोरियाला संध्याकाळी थोडा वेळ थांबतं. का? तर 1886 सालच्या एका अमेरिकी कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून, मधे परदेशी बंदर न गाठता, अमेरिकेतच माणसं उतरवता येत नाहीत. त्या थोड्या वेळासाठी भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाचाही व्हिसा लागतो. आठ माणसांचे आठ व्हिसे, कागदांची फाईल, त्या फाईलचं वजन वेगळं. आणि कॅनडात कुणी उतरलंच नाही, पाय दुखत होते.

पण एक वस्तू कुणालाही न्यावी लागली नाही, ती तिथं फुकट होती आणि तिच्यावर घरात एका शब्दाचीही चर्चा झाली नव्हती: लाइफ जॅकेट. 1912 साली टायटॅनिक बुडालं, 1914 साली देशादेशांनी बसून जहाजांवरच्या जिवांसाठी नियम लिहिले. 2012 साली इटलीच्या किनाऱ्याला एक अवाढव्य जहाज कलंडलं, 32 माणसं गेली. नव्यानं चढलेल्या प्रवाशांची कवायत तेव्हा झालेली नव्हती. मग नियम आणखी आवळला आणि 1 जानेवारी 2015 पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी प्रवाशांची कवायत सक्तीची झाली. कुठं जमायचं, जॅकेट कसं बांधायचं, भोंगा किती वेळा वाजतो, हे प्रत्येकाला कळलं की नाही याची हजेरी लागते. माई, आत्या, आप्पा, सगळ्यांनी मुकाट्यानं हजेरी दिली. थंड पाण्यातल्या तरंगत्या शहरात, जिथं बुडण्याची शक्यता नगण्य, तिथं त्यांना जगवायची एवढी तयारी.

आता इकडं या. बारामतीहून भिगवणच्या पुढं उजनीचं पाणी लागतं. भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं. 117 टीएमसी पाणी. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं, थंडीत रोहित पक्षी येतात आणि त्यांचे फोटो काढायला पुण्याहून गाड्यांच्या रांगा लागतात. याच पाण्यावरून इंदापूर आणि करमाळ्याची माणसं लाकडी-लोखंडी बोटींतून ये-जा करतात. मोटारसायकल बोटीत, भाजीची पाटी बोटीत, दवाखान्याचा पेशंट बोटीत, कारण रस्त्यानं मोठा वळसा पडतो. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यांत लहान लेकरं होती. एक जण पोहून काठाला लागला. आठवडाभर सगळे हळहळले, काठावर गाड्या थांबल्या, माणसं उतरली, फोटो झाले. मग पाऊस आला आणि पाणी वाढलं आणि विषय त्याच्याखाली गेला. जॅकेट म्हणजे काय मोठी गोष्ट आहे? फोमचे चार तुकडे आणि दोन पट्टे. दोन हजारांच्या आत मिळतं, किलोभराचं, चादरीपेक्षा हलकं. ज्या पट्ट्यात गोव्याच्या सहलीला आणि लग्नाच्या वाढपाला गाड्या भरून पैसा जातो, तिथं एवढं होत नाही म्हणजे पैशाचं कारण कुणी सांगू नये. अलास्काच्या पाण्याला भ्यायचं, त्यासाठी आठ माणसांनी महिनाभर बॅगा भरायच्या, आणि घरच्या पाण्यावर लेकरू मांडीवर घेऊन तसंच बसायचं, आणि हे कुणाला अंगावर येत नाही!

कुगाव आणि कळाशी या दोन्ही काठांवर पत्र्याची एकेक पेटी ठेवावी, आत वीस-वीस जॅकेटं. लहान मुलांच्या मापाची पाच वेगळी. ज्याला बसायचं त्यानं घालायचं, उतरला की पलीकडच्या पेटीत टाकायचं, आणि बोटवाल्यानं बिनजॅकेटचा माणूस घेतलाच तर बोट काठालाच राहील. याला ना व्हिसा लागतो, ना बैठक. लोक म्हणतील, पेटीला कुलूप नसेल तर जॅकेटं चोरीला जातील. जाऊ द्या. चोरीला गेली तरी निदान कुणाच्या तरी अंगावर असतील.