विकीकर

ज्याला कुठल्याही पक्षाचं तिकीट नको, महामंडळ नको, साधं रस्त्याचं कंत्राटही नको, आणि तरी ज्याच्यावर सगळ्याच पक्षांचे कार्यकर्ते दात खाऊन असतात, असा एकच प्राणी सध्या महाराष्ट्रात उरला आहे : विकीकर. वय साठीच्या पुढे. निवृत्ती बँकेच्या तपासणी खात्यातून. हयातभर दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर हिरव्या शाईने खुणा केलेला माणूस निवृत्तीनंतर हास्यक्लबात रमेल, ही अपेक्षाच चूक. तो मराठी विकिपीडियावर गेला. तिथे किल्ले, नद्या, पक्षी अशी निरुपद्रवी पानं ढिगाने आहेत. पण याच्या निरीक्षणसूचीत सगळे चालू राजकारणी.

त्याचं मुख्य काम विशेषणं खुडण्याचं. मध्यरात्री कुणी कार्यकर्ता साहेबांच्या नावाआधी 'कार्यसम्राट' चिकटवून जातो. सकाळी चहा गाळला जाण्याआधी विकीकर तो उडवतो. पानाच्या इतिहासात लाल रंगात −३४ असा आकडा उमटतो. देवनागरीच्या दर चिन्हाला तीन बाइट, 'कार्यसम्राट'ची अकरा चिन्हं, झाले तेहतीस. वर मोकळ्या जागेचा एक. हा हिशेब त्याने मला कागदावर मांडून दाखवला आणि खाली सही केली. 'लोकनेते', 'विकासपुरुष', 'गोरगरिबांचे कैवारी' यांचेही भाव त्याला पाठ आहेत. २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली तर इंग्रजी विकिपीडियावर बंदी येऊ शकते. तो नियम हा मराठीतही आपणहून पाळतो. चौथ्यांदा आलेल्या कार्यसम्राटाला रात्रभर नांदू देतो आणि स्वतः झोपत नाही.

या कडकपणाला कारण आहे. २००५ साली अमेरिकेत जॉन साइगेनथेलर या पत्रकाराच्या पानावर कुणीतरी गंमत म्हणून केनेडी-हत्येचा संशय नोंदवला, आणि ते खोटं चार महिने तसंच राहिलं. तेव्हापासून हयात माणसाबद्दल वादग्रस्त काही लिहायचं तर संदर्भ हवाच, हा नियम तिथे आवळला गेला. विकीकर ही गोष्ट शिवकालीन बखर सांगावी अशा आवाजात सांगतो.

महाराष्ट्राच्या राजकारणाने त्याला छळलंही भरपूर. २३ नोव्हेंबर २०१९ला भल्या सकाळी फडणवीसांचा शपथविधी उरकला, तेव्हा सगळं राज्य टीव्हीसमोर आ वासून बसलं होतं आणि हा माहितीचौकटीत कार्यकाळाचा आरंभ भरत होता. २६ तारखेला राजीनामा आला, समाप्तीही भरली. मग २०२२ला शिंदे मुख्यमंत्री आणि फडणवीस उपमुख्यमंत्री. डिसेंबर २०२४ला तेच उलटं. 'मागील' आणि 'पुढील' या दोन रकान्यांत तीच नावं खालीवर करताना आपण लेख लिहितोय की संगीतखुर्ची खेळतोय, हे त्याला कळेना. त्यात निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ला धनुष्यबाण शिंद्यांना दिला, पुढच्या फेब्रुवारीत घड्याळ अजित पवारांना. आमदार आपल्या जागेवर बसलेला असायचा, पक्ष त्याच्याखालून सरकायचा, आणि 'पक्ष' हा दुवा कुठे जोडायचा यावर चर्चापानावर रात्रभर हाणामारी.

पण त्याचं खरं दुखणं घराजवळचं आहे. त्याच्याच तालुक्याचे आमदार शाळेत त्याच्या मागच्या बाकावर होते. साहेबांचं सगळं त्याला ठाऊक. लागोपाठच्या दोन निवडणुकांच्या शपथपत्रांत पाच वर्षांत साहेबांचं वय तीनच वर्षांनी वाढलं, हेही त्याने हेरलेलं. पण स्वतःची आठवण म्हणजे संदर्भ नव्हे, आणि शपथपत्रावरून आपणच निष्कर्ष काढणं म्हणजे स्वतःचं संशोधन, तेही वर्ज्य. सगळं माहीत असून तोंडाला कुलूप.

एकदा साहेबांच्या पानावर 'राज्यस्तरीय कबड्डीपटू' अवतरलं. विकीकराला आठवत होतं, साहेब मैदानात उतरायचे ते फक्की मारायला. त्याने सभ्यपणे पुढे 'संदर्भ हवा' लावलं. तासाभरात फोन.

"काका, साहेबांनी स्वतः सांगितलंय."

"साहेब स्वतःचा संदर्भ होऊ शकत नाहीत."

"मग कोण होणार?"

"कुणीतरी त्रयस्थ."

"तो कुठल्या वॉर्डातला?"

काही महिने ते तसंच लटकत राहिलं. मग साहेबांचा वाढदिवस आला. स्थानिक साप्ताहिकाने पुरवणी काढली, आणि मजकुराला वेळ नसल्यामुळे विकिपीडियावरचं पान उचलून छापलं. 'संदर्भ हवा' तेवढं गाळलं. पेढ्यांच्या पुड्यासकट कार्यकर्ता पुरवणी घेऊन दारात. विकीकराने वाचली. वाक्यं त्याचीच होती. त्याने सहा वेळा दुरुस्त केलेला अर्धविरामसुद्धा जिथल्या तिथे होता.

"हे आमच्याकडूनच घेतलंय. असा फिरून आलेला संदर्भ चालत नाही."

"तसं कुठे छापलंय का, काका?"

कुठेच छापलेलं नव्हतं. विकीकराने चष्मा पुसला, साप्ताहिकाचं नाव, तारीख, पान ३ अशी रीतसर तळटीप जोडली आणि 'संदर्भ हवा' काढून टाकलं. कार्यकर्ता उठता उठता थबकला.

"काका, पहिल्याच ओळीत 'कार्यसम्राट'पण छापलंय बघा. आता तेही घेऊन टाका की!"